गुरुवारचा उपास

आमच्या घराण्यांत गुरुवारचा उपास तीन पिढ्या चालत आलेला आहे. आजोबांनीं तो पुण्यास धरला, वडिलांनीं तो नोकरीच्या फिरतींतहि मोडला नाहीं, आणि आम्ही पंचवीस वर्षांपूर्वीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें येऊन राहिलों तरी गुरुवारीं आमच्या स्वयंपाकघरांत साबुदाण्याची खिचडी झाल्याखेरीज राहिली नाहीं. हा उपास आम्ही दत्तभक्तीचा समजत होतों. त्याचा खरा अर्थ आम्हांस कळला तो सन २०२५ मध्यें, आणि तोहि कन्येच्या कॉलेजच्या फीसाठीं मदतीचा अर्ज करतांना. तो प्रसंग सांगण्यासारखा आहे असें वाटल्यावरून हा लेख.

सन २०२४ च्या सप्टेंबरांत आमची सतरा वर्षांची नोकरी एका सकाळीं पंधरा मिनिटांच्या बोलण्यांत संपली. पत्नी एका शाळेच्या ग्रंथालयांत अर्धवेळ काम करीत असल्यामुळें चूल बंद पडण्याचा प्रसंग नव्हता. परंतु आम्हांस जें भय वाटलें तें चुलीचें नसून चारचौघांचें होतें. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत कोणी "सध्यां काय चाललं आहे?" असें विचारलें, तर "नेहमीचंच" असें उत्तर आम्ही हंसत हंसत देत असूं. कन्या युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहांत राहून दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करीत होती. तिच्या अभ्यासांत व्यत्यय नको या सबबीखालीं तिलाहि कांहीं कळविलें नाहीं. ती सबब अगदींच खोटी होती असें नाहीं; पण ती पुरती खरीहि नव्हती. मुलीपुढें आपण लहान दिसूं नये, ही इच्छा तिच्या आड लपलेली होती.

मुलांपासून लपविलेली गोष्ट मुलांना सर्वांच्या आधीं कळते. आक्टोबरांत एका मंगळवारीं ती एक पुस्तक नेण्यासाठीं अचानक घरीं आली, तों दुपारीं दोन वाजतां आम्ही स्वयंपाकघरांत भाजी निवडीत बसलेले! तिनें कांहीं विचारलें नाहीं, आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. चहा घेऊन ती परत गेली. पुढें डिसेंबरांत तिचें गुणपत्रक पाहिलें तेव्हां समजलें कीं, सेंद्रिय रसायनशास्त्राचा विषय तिनें सत्राच्या मध्यावरच सोडून दिला होता. हळूहळू सर्व उलगडा झाला. घरची स्थिति ओळखून तिनें तेथील भोजनगृहांत आठवड्याला वीस तासांचें काम धरलें होतें. रात्रीं अकरा वाजेपर्यंत भांडीं विसळून मग प्रयोगाच्या नोंदी लिहिणें जमेना, म्हणून विषय सोडला. "हें आम्हांस कां नाहीं सांगितलंस?" असें आम्हीं जरा चढ्या आवाजांत विचारलें. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, तुम्हीं तरी मला कुठं सांगितलंत?" त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

हा विषय तिच्या अभ्यासक्रमाच्या सांखळींतली पहिली कडी होती. तो पुरा झाल्याखेरीज पुढील वर्षींचा जीवरसायनशास्त्राचा वर्ग मिळत नाहीं, आणि तो वर्ग हुकला कीं पदवी एक वर्ष लांबते. एक वर्ष लांबणें म्हणजे फी, खोली आणि जेवण मिळून तीस हजार डॉलरांहून अधिक खर्च. उलट, उन्हाळी सत्रांत सहा सहा आठवड्यांचे दोन वर्ग घेतले तर हा मागें पडलेला भाग आणि त्याच्या पुढचा भाग, दोन्ही उरकत होते. त्यांची फी सुमारें सहा हजार. शहाणपण कशांत आहे हें समजावयास गणिताची पदवी नको. पण ते सहा हजार आणावयाचे कोठून?

येथें विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याची व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण आपल्याकडून इकडे आलेल्या सुशिक्षित कुटुंबांसहि ती पुरती ठाऊक नसते. अमेरिकेंत सन १९६५ मध्यें उच्च शिक्षणाचा कायदा झाला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं त्यावर सही केली ती राजधानींत नव्हे, तर टेक्सासमधील ज्या कॉलेजांत झाडलोटीपासून पडतील तीं कामें करून ते स्वतः शिकले, त्या कॉलेजांत जाऊन केली. पुढें सन १९७२ मध्यें गरजू विद्यार्थ्यांना परतफेडीवांचून मदत देण्याची योजना निघाली; १९८० पासून ती सेनेटर क्लेबर्न पेल यांच्या नांवानें चालते. २०२४-२५ या वर्षीं या पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. ही ग्रँट, सरकारी कर्ज आणि शिकतां शिकतां करावयाचें सरकारी मदतीचें काम, या सर्वांचा मूळ अर्ज एकच. त्याला सर्वजण फॅफ्सा म्हणतात, आणि तो भरण्यास एक पैहि पडत नाहीं.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र निराळा. साहाय्याचें वर्ष १ जुलै ते ३० जून असें धरतात आणि उन्हाळी सत्र नेमकें त्या उंबरठ्यावर येतें. तेव्हां तें सरत्या वर्षांत धरावयाचें कीं येत्या, हें ज्या त्या विद्यापीठानें ठरवावयाचें. पुष्कळ विद्यापीठें फॅफ्साशिवाय उन्हाळ्यासाठीं वेगळा अर्जहि मागतात. आमच्या कन्येच्या युनिव्हर्सिटींत सत्र सरत्या वर्षांत धरलें जाई, आणि वेगळा अर्ज फेब्रुवारींत भरावा लागे. दुसरी अडचण कर्जाची. आईबापांवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्या वर्षीं जास्तींत जास्त ६,५०० डॉलर सरकारी कर्ज मिळूं शकत होतें. तें शरद आणि वसंत या दोन सत्रांतच उचललें तर उन्हाळ्यासाठीं बाकी शून्य. कन्येनें तें तसेंच उचललें होतें. राहिली पेल ग्रँट. ती उन्हाळ्यांतहि देण्याची सोय २००९ सालीं सुरू झाली, दोन वर्षांत बंद पडली आणि २०१७ सालीं पुन्हा आली. तिच्या योगें पात्र विद्यार्थ्याला एका वर्षांत दीडपटीपर्यंत रक्कम मिळूं शकते. मात्र त्या वाढीव भागासाठीं निदान अर्ध्या वेळेचा, म्हणजे सामान्यतः सहा क्रेडिटांचा, अभ्यास घ्यावा लागतो. आमच्या कन्येचे दोन्ही वर्ग प्रयोगांसह त्याहून अधिक भरत होते.

एका रविवारीं आम्हीं व तिनें मिळून अर्ज भरला. थोड्याच दिवसांत उत्तर आलें: कर्ज शिल्लक नाहीं, आणि ग्रँटला कुटुंब पात्र नाहीं. कारण उघड होतें. २०२४-२५ च्या फॅफ्सांत उत्पन्न धरलें जातें तें २०२२ सालचें. त्या कागदांत आम्ही अजून भरपगारी गृहस्थ होतों! उत्तराच्या तळाशीं एक ओळ होती कीं, कुटुंबाच्या स्थितींत मोठा पालट झाला असल्यास कळवावें, म्हणजे फेरविचार होऊं शकेल. पत्नीनें त्या ओळीवर बोट ठेवलें. आम्हीं पत्र मिटून बाजूस ठेवलें आणि म्हटलें, "परक्यांना आपलं रडगाणं ऐकवायचं कशाला? घरावर कर्ज काढूं."

"अहो, कर्ज काढायलासुद्धां पगाराचा कागद दाखवावा लागतो," ती म्हणाली.

तो दिवस गुरुवारचा होता. नेहमीप्रमाणें सकाळीं आम्हीं पुण्यास आईला फोन लावला. तिकडे तेव्हां दिवेलागणीची वेळ असते. आई चौऱ्यायशीं वर्षांची आहे, पण कान आणि स्मृति दोन्ही तीक्ष्ण. "उपास आहे ना रे आज?" हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला. पत्नीनें मध्येंच फोन घेऊन सर्व हकीकत तिच्या कानीं घातली. आम्हींहि आपली बाजू मांडली: "आई, आपल्या घराण्यांत आजवर कोणीं कोणापुढं हात पसरला आहे का? आजोबांनीं तर एवढे हाल काढले, पण—"

आई हंसूं लागली. "अरे, मामंजी वार लावून शिकले, हें तुला ठाऊक नाहीं?"

ठाऊक नव्हतें. 'आजोबा पुण्यांत हालअपेष्टा सोसून शिकले' एवढेंच आमच्या कानांवर होतें. ते जेवत कोठें, हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नाहीं. मग आईनें जें सांगितलें तें असें. १९२० च्या सुमारास आजोबा रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड्यांतून हायस्कुलांत शिकण्यासाठीं पुण्यास आले. सदाशिव पेठेंत एका वाड्यांत जिन्याखालची जागा मिळाली. सात वारांसाठीं सात घरें हवीं होतीं, तीं सहाच मिळालीं. गुरुवार मोकळा राहिला. सातव्या दारीं जाऊन विचारण्यास जीभ रेटेना. "गुरुवारीं कुठं जेवतोस?" असें कोणी विचारलें तर ते सांगत, "गुरुवारीं माझा दत्ताचा उपास असतो." असें जवळजवळ वर्षभर चाललें. एका गुरुवारीं त्यांच्या सोमवारच्या घरीं कांहीं कार्य निघालें आणि वाढण्यास हात हवे म्हणून त्यांना बोलावणें आलें. पंक्ति उठल्यावर घरच्या काकूंनीं त्यांच्यासाठीं आठवणीनें उकडून ठेवलेलीं रताळीं पुढें केलीं. तीं त्यांनीं ज्या वेगानें संपविलीं त्यावरून काकूंना शंका आली. त्यांनीं बाजूस घेऊन विचारलें, तेव्हां पंधरा वर्षांच्या त्या पोरानें रडत रडत खरें सांगितलें. काकू रागावल्या. "या घरांत रोज वीस पानं होतात, एकविसावं जड झालं असतं का? पण तूं तोंड उघडल्याशिवाय मला कळावं कसं?" त्या दिवसापासून गुरुवारचें जेवणहि त्यांच्याचकडे झालें.

"मग हा उपास?" आम्हीं विचारलें.

"तो मामंजींनीं नोकरी लागल्यावर धरला. गुरुवारीं स्वतः जेवायचे नाहींत, आणि आपल्या पानावर एका विद्यार्थ्याला बसवायचे. माझं लग्न झालं तेव्हां एक मुलगा येत असे, मीं त्याला वाढलेलं आहे. पुढं वारांची चाल गेली, मुलं वसतिगृहांत राहूं लागलीं, पान मांडायचं राहून गेलं. उपास तेवढा उरला. तुझ्या मुंजीच्या आदल्या रात्रीं त्यांनीं मला हें सगळं सांगितलं. म्हणाले, उद्यां याला भिक्षा मागायला शिकवतील. तो शिकला तर बरंच."

आम्हीं हातांतली खिचडीची बशी खालीं ठेवली. मुंजींतली भिक्षा आम्हांस पक्की आठवते. झोळींत पडलेले लाडू आम्ही मोजले होते. पण विद्या संपादणारानें मागावें आणि गृहस्थानें द्यावें, मागण्यांत कमीपणा नाहीं आणि देण्यांत उपकार नाहीं, हा जो त्या विधीचा अर्थ, तो मात्र आमच्या हातीं लागला नाहीं. आम्हीं उपास संभाळला आणि विद्यार्थी विसरलों. फार काय, आजोबांनीं जी चूक वर्षभर केली तीच आम्ही भक्ति समजून अभिमानानें गिरवीत होतों, आणि आमच्या पाठोपाठ आमची मुलगीहि ती गिरवूं लागली होती.

येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. वारांच्या त्या पंक्तींत जागा मिळे ती बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांना. इतर समाजांतील तितक्याच हुशार आणि तितक्याच उपाशी मुलांना त्या दारीं उभें राहण्याचीहि सोय नव्हती. त्यांच्यासाठीं शाहू महाराजांना कोल्हापुरांत वसतिगृहें काढावीं लागलीं, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांना १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून द्यावा लागला. आम्ही ज्या कायद्याखालीं अर्ज करणार होतों तो अर्जदाराची जात विचारीत नाहीं, मिळकत विचारतो. शिवाय त्या निधींत आम्हीं पंचवीस वर्षें भरलेल्या कराचाहि अंश होताच. आजोबांना जें ओळखीपाळखीवर मिळालें तें आमच्या मुलीला नियमानें मिळत असतां, लाज वाटावी तरी कशाची?

त्याच रात्रीं पत्र लिहावयास बसलों. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यांत सतरा वर्षांची निष्ठा होती, झालेला अन्याय होता, मध्यमवर्गाच्या हालांचें वर्णन होतें. कन्येनें तो वाचला आणि म्हणाली, "बाबा, हें पत्र तुम्हीं तुमच्या जुन्या साहेबांना लिहिलंय." आम्हीं तो फाडला. दुसरें पत्र एका पानाचें झालें. त्यांत नोकरी सुटल्याची तारीख, तोंपर्यंतचा पगार, मिळालेला बेकारभत्ता, पत्नीची मिळकत आणि पुढील वर्षाचा अदमास, एवढेच आंकडे होते. सोबत नोकरी संपल्याचें पत्र, शेवटची पगारपत्रिका आणि भत्त्याचे कागद. भावना एकहि नव्हती, आणि तरीहि तें लिहितांना हात जड झाला. कारण सहा महिने ज्या गोष्टी आम्हीं स्वतःशींहि उच्चारल्या नव्हत्या त्या प्रथमच कागदावर उतरत होत्या.

मार्चांत आम्ही तिघें त्या कचेरींत गेलों. कायद्यानें तेथील अधिकाऱ्यांना असा अधिकार दिलेला आहे कीं, विशेष परिस्थितींत, पुरावा पाहून, त्यांनीं एखाद्या अर्जापुरते उत्पन्नाचे आंकडे बदलावे. त्यांचा निर्णय अखेरचा. त्यावर सरकारी खात्याकडे दाद मागतां येत नाहीं. टेबलापलीकडे एक वयस्क बाई होत्या. त्यांनीं कागद चाळले आणि विचारलें, "नोकरी सप्टेंबरांत गेली. मग मार्चपर्यंत कां थांबलांत?" आम्ही गप्प. कन्या म्हणाली, "आम्ही सगळेच एकमेकांना सांगायला भीत होतों." बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "जें कागदावर नाहीं तें आम्हांला मोजतां येत नाहीं." सदाशिव पेठेंतल्या त्या काकू इंग्रजी बोलत असत्या तर त्या ह्यापेक्षां निराळें काय बोलल्या असत्या?

एप्रिलच्या अखेरीस निर्णय आला. नव्या आंकड्यांवरून ग्रँट मंजूर झाली, तींत उन्हाळ्याचाहि भाग होता. उरलेली रक्कम आम्हीं हप्त्यांनीं भरली. तिनें भोजनगृहाचें काम त्या तीन महिन्यांपुरतें सोडलें. उन्हाळी वर्ग म्हणजे घोड्यावरची स्वारी. पंधरा आठवड्यांचा अभ्यास सहा आठवड्यांत. शिवाय साठ टक्के काळ भरण्यापूर्वीं सर्व अभ्यास सोडल्यास मिळालेल्या मदतीचा कांहीं भाग परत करावा लागतो, हीहि टांगती तलवार होतीच. तिनें दोन्ही विषय पुरे केले. गुण साधारणच पडले. पण सांखळी पुन्हा जुळली.

ज्यांचीं मुलें येथें शिकत आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द. मूल येथील नागरिक असेल किंवा त्याच्यापाशीं ग्रीन कार्ड असेल तर फॅफ्सा भरावा. आईबाप नागरिक नसले तरी तें आड येत नाहीं. उन्हाळ्यांत शिकावयाचें असेल तर वर्षाचें सर्व कर्ज आधींच्या दोन सत्रांत उचलण्यापूर्वीं विचार करावा, आणि वेगळा अर्ज आहे का, त्याची मुदत कोणती, हें हिवाळ्यांतच विचारून ठेवावें. मिळकत घटली असेल तर तें लगेच कळवावें, आणि पुढील वर्षीं पुन्हा कळवावें. कारण फॅफ्सा त्याहि वर्षीं जुनेंच उत्पन्न धरतो. २०२५-२६ च्या अर्जांत २०२३ ची मिळकत होती, म्हणून आम्हांस तें पत्र पुन्हा लिहावें लागलें. दुसऱ्या खेपेस हात जड झाला नाहीं. आणि सर्वांत मुख्य म्हणजे घरची स्थिति मुलांना सांगावी. मुलें ती सोसूं शकतात. त्यांना सोसत नाहीं तें आपलें लपविणें.

जीं मुलें आईबापांबरोबर एच-चार व्हिसावर लहानपणीं येथें आलीं त्यांना मात्र ही सरकारी मदत मिळत नाहीं. त्यांना विद्यापीठांच्या आणि खाजगी निधींचींच दारें हिंडावीं लागतात. आमच्या ओळखींत असा एक मुलगा आहे. हल्लीं तो गुरुवारीं संध्याकाळीं आमच्याकडे जेवावयास येतो. जेवण झाल्यावर आम्ही त्याचे अर्ज घेऊन बसतों. कन्या घरीं असली तर पत्रांतले रडगाण्याचे भाग तीच खोडते. आमचा उपास चालूच आहे.

आईचा गुरुवारचा प्रश्न तेवढा आतां बदलला आहे. ती विचारते, "पान मांडलंस ना रे?"